समुद्राचा सातबारा

जहाजावरच्या गॅलीत चीफ कुक कांदा चिरत होता आणि मी, म्हणजे जहाजाचा सेकंड इंजिनिअर, चहाचा मग घेऊन दारात उभा होतो, तेवढ्यात आमचा बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मागून आला आणि म्हणाला, "सेकंड, ह्या कांद्याला आमच्याकडे काय म्हणतात माहितीय? सिबुयास बॉम्बे." मी हसलो. तर म्हणे, "आणि तुम्हाला काय म्हणतात माहितीय? बुंबाय." हे मात्र मला माहीत होतं, कारण फिलिपिनो क्रूबरोबर दोन कॉन्ट्रॅक्ट काढली की कळतंच. तिकडे भारतातला कुठलाही माणूस बुंबाय, मग तो पंजाबी असो, तमिळ असो, आणि खरा मुंबईच्या बाजूचा माणूस म्हणजे मी, त्याला वेगळं असं नावच नाही. कांदा आणि आम्ही एकाच पोत्यात.

बोसन गावाचा बोलिनाओचा. त्याने ब्रिजवर नेऊन चार्टवर दाखवलं होतं, लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लिंगायेनचं आखात आत शिरतं ना, त्याच्या तोंडाशी डाव्या अंगाला एक नाक पुढे आलेलं आहे, ते केप बोलिनाओ. पांगासिनान प्रांत. पांगासिनान म्हणजे मिठाची जागा, मिठागरांचा मुलूख. आणि समोर सरळ दक्षिण चीन समुद्र, ज्याला ते लोक पश्चिम फिलिपिन समुद्र म्हणतात आणि त्या नावावरून गॅलीत कुणी चुकीचा शब्द काढला तर जेवण थंड होईपर्यंत भाषण ऐकावं लागतं.

एकदा मी त्याला विचारलं, तुमच्या घरचे काय करतात. मासेमारी, म्हणाला. बरं. मग आठवड्याने कधीतरी तो फोनवर घरी भाताच्या रोपांबद्दल बोलत होता, पाऊस लांबलाय, रोपं वाढून बसलीत वगैरे (हे त्याने नंतर मला समजावून सांगितलं), तर मी म्हणलं अरे म्हणजे तुम्ही शेतकरी का? हो, म्हणाला. मग मासेमारी? तीही. मी म्हणलं नक्की काय? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की ह्याला झालंय काय.

माझा गोंधळ कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. माझं गाव गुहागरच्या खालच्या अंगाला, समुद्र घरापासून चालत वीस मिनिटं, पण आमच्या सात पिढ्यांत कुणी होडीत पाय ठेवला नाही. आम्ही शेतीवाले. मासे आणायचे खारव्यांनी, आणि ते टोपलीत घेऊन खारवीण आमच्या पडवीत यायची आणि आजी तिच्याशी बांगड्याच्या भावावरून भांडायची, ते भांडण झालं की तिलाच चहा द्यायची. त्यांची वाडी वेगळी, शिमग्यात त्यांचा मान वेगळा, सोयरीक तर नाहीच नाही. खाली सिंधुदुर्गात गेलं तर गाबीत, बाकी आपलं तेच. जमीन एका जातीची, पाणी दुसऱ्या जातीचं. समुद्रावर राहणारा शेतकरी आणि मासेमार एकच माणूस असू शकतो हे मला पस्तिसाव्या वर्षी एका बोसनकडून कळलं. हाबागात सुटला, म्हणजे नैऋत्येचा वारा, आपला पावसाळाच तो, की समुद्र बंद आणि शेत चालू. पुढे आमिहान लागला, ईशान्येचा कोरडा वारा, की बोलिनाओच्या बाजूला समुद्र निवतो आणि तोच माणूस त्याच हातांनी जाळं घेऊन निघतो. वर मका, नारळ, दारात आंबा. किनारा पश्चिमेला तोंड करून, मोसमी पाऊस तोच, नारळ-आंबा तेच, फक्त मधली भिंत नाही.

मग एका फेब्रुवारीत मी बातांगास बंदरात साइन-ऑफ झालो, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरलो, आणि बोसन आधीच सुट्टीवर होता, म्हणाला आता घरी न येता गेलात तर पुढच्या जहाजावर तुमच्या इंजिनरूमला रंग लावणार नाही. (इंजिनरूमचा रंग बोसनच्या अखत्यारीत नसतो, पण धमकी ती धमकी.) मनिलाहून बस, सहा-सात तास, शेवटचे दोन तास भाताची शेतं, मग चुनखडीचा खडकाळ माळ, मग एकदम डावीकडे पाणी. बसमधून उतरलो तर कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानातली बाई, सारी-सारी म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, फक्त खिडकीएवढं, तर ती बाई मला बघून चटकन आत गेली. बोसन हसून हसून बेजार. तिकडे गावोगाव मोटरसायकलवर फिरून व्याजाने पैसे देणारे भारतीय असतात, बहुतेक पंजाबी, त्यांच्या धंद्यालाच फाइव्ह-सिक्स म्हणतात, पाच घ्या आणि सहा परत करा. दाढीवाला भारतीय चेहरा दुपारी दारात दिसला की हप्ता आला असंच समजायचं. म्हणजे मी अख्ख्या गावाला वसुलीवाला वाटलो होतो. बोसनची आई, सगळे तिला नानाय म्हणतात म्हणून मीही नानायच म्हणलं, तिने मला बसवून पाणी दिलं आणि मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी हळूच विचारलं. ती भाषाही बोलिनाओच, त्या एवढ्याशा टोकाची आणि शेजारच्या आंदाची स्वतःची, तागालोग नव्हे, इलोकानो नव्हे. काय विचारलं म्हणून मी विचारलं. "तुला किती देणं आहे ह्याचं, असं विचारतेय."

गावात दाखवण्यासारखं तसं तीन गोष्टींत आटपतं. एक चर्च, संत जेम्सचं, १६०९ सालचं म्हणतात, प्रवाळाच्या दगडाचं. भिंतीला हात लावला तर आपला जांभ्याचा चिरा कसा खरखरीत लागतो तसाच, पण पांढरट, आणि नीट पाहिलं तर मधेच पोवळ्याची नक्षी दिसते. म्हणजे देवळाची भिंतसुद्धा समुद्रातूनच काढलेली. दुसरं दीपगृह, १९०५ चं, टेकाडावर, अमेरिकन आमदनीतलं. जहाजावरच्या माणसाला दीपगृह खालून बघायला फार गंमत वाटते, आपण कायम उलट्या बाजूने बघितलेलं असतं. आणि तिसरी गोष्ट गावात नाहीच, ती मनिलाच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, ती म्हणजे बालिंगासाय नावाच्या इथल्या वस्तीत उत्खननात सापडलेली कवटी. चौदाव्या-पंधराव्या शतकातली, आणि तिच्या दातांवर सोन्याचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले. खवल्यांसारखे! त्या काळी सोनं मिळालं तर माणूस काय करेल, गळ्यात घालेल, पुरून ठेवेल. ह्यांनी दाताला मासा केला.

अजून एक राहिलं. १८८० साली हाँगकाँगहून समुद्राच्या तळातून आलेली तारेची केबल ह्याच टोकावर वर काढली होती. फिलिपिन्सला उरलेल्या जगाशी जोडणारी ती पहिली समुद्री तार, म्हणजे पुढची काही वर्षं जगाची बातमी मनिलाला कळायच्या आधी बोलिनाओतून जायची. मग १८९८ मध्ये तार थेट मनिलापर्यंत नेली आणि गाव परत भात आणि मासळीकडे वळलं. मला ह्याचं वाईट वगैरे वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानायने बिनुंगाय केलं होतं. हे त्यांच्या गावचंच म्हणतात. कोवळा बांबू पेरापेराने कापायचा, त्यात चिकट तांदूळ आणि नारळाचा रस, थोडं मीठ, तोंडाला केळीच्या पानाचा बोळा, आणि सगळे बांबू आगीभोवती तिरके उभे करायचे. तांदूळ गच्च भरायचा नाही, फुगायला जागा ठेवायची, नाहीतर बांबू तडकतो. नानाय बसल्या जागेवरून एकेक बांबू फिरवत होती, जो वाफेचा आवाज बदलेल तो ओळखून बाजूला काढत होती, आणि मी कोकणातला माणूस, नारळाच्या रसातला भात मला नवा नाही, पण तो बांबू तिने अंगणातल्या दगडावर एका बाजूने फटकन आपटला, मग वळवून दुसऱ्या बाजूने, आणि चिरा गेलेली साल केळ्यासारखी सोलली, आत बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली पांढरी शुभ्र भाताची कांडी. मी आपटलं तर बांबू दगडावरून उडून कोंबडीच्या अंगावर गेला. दोन कांड्या खाल्ल्या. तिसरी बगोओंग लावून खा म्हणाली, तर ती मात्र मी सावध होऊन खाल्ली.

बगोओंग म्हणजे मिठात मुरवलेली मासळी. आपण जवळा, सुकट उन्हात वाळवतो, ते लोक मिठात घालून महिनोन् महिने कुजवतात, कुजवतात म्हणलं तर राग येईल, मुरवतात. बोलिनाओची खासियत म्हणजे पादासची बगोओंग. पादास हे सिगानिड जातीच्या माशाचं पिल्लू, बोटाच्या पेराएवढं, अमावास्येच्या सुमाराला त्यांचे थवे समुद्रातून आत किनाऱ्याच्या गवतावर चरायला येतात, आणि तेव्हाच त्यांना पकडून मिठात. हे समुद्रातलं गवत खरंखुरं गवत आहे, शेवाळ नव्हे, समोरच्या सांतियागो बेटाभोवती हिरवी कुरणं पसरलीयत पाण्याखाली. आणि जी पिल्लं बरणीत जाण्यापासून वाचतात ती त्या गवतावर मोठी होतात आणि मग अंडी घालायला बाहेर खोल पाण्याकडे निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेत असतो बाकलाद. बाकलाद म्हणजे बांबू रोवून त्यावर जाळं लावून केलेलं कुंपण, बाणाच्या टोकासारखं, मासा कडेकडेने चालत जातो आणि शेवटच्या खोलीत अडकतो. म्हणजे जाताना आई-बाप, येताना पोरं. बोसनच म्हणाला, "सेकंड, आम्ही धान्यही खातो आणि बियाणंही."

आम्ही त्याच्या बांकातून निघालो होतो. बांका म्हणजे अरुंद होडी आणि दोन्ही बाजूंना तोल सांभाळायला बाहेर काढलेल्या बांबूच्या उलांड्या. आपल्या होडीला उलांडी एकाच बाजूला असते, ह्यांच्या दोन, दुरून पाण्यावरचा निवळीचा किडा कसा दिसतो तशी दिसते. बाकलादाजवळून जाताना मी विचारलं, हा कुणाचा? त्याने एका माणसाचं नाव सांगितलं. म्हणलं म्हणजे बांधला त्याने, पण जागा? जागा पण त्याचीच, लिलावात घेतलीय. कसला लिलाव? नगरपालिकेचा.

मग ते सगळं प्रकरण समजून घ्यायला मला अर्धा तास लागला, इंजिन बंद करून तरंगत बसलो होतो. आपल्याकडे समुद्रातल्या मासेमारीचं १२ सागरी मैलांपर्यंत सगळं राज्य सरकारच्या मत्स्य खात्याकडे, किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीला त्यात काही विचारत नाहीत, सरपंच फार तर जेटी मागू शकतो. तिकडे उलटं. १९९१ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी त्या त्या नगरपालिकेच्या ताब्यात आलं, आणि १९९८ च्या मत्स्य कायद्याने सांगितलं की त्या पट्ट्यात ३ टनांवरच्या मोठ्या बोटींनी एरवी यायचं नाही, ते छोट्या मच्छीमारांचं. बाकलाद कुठे लावायचा, पिंजरे किती, कुणाला परवाना, फी किती, हे मेयर आणि गावचं कौन्सिल ठरवतं. पाण्याचे तुकडे पाडून, नकाशावर रंग देऊन, पट्ट्याने देतात. म्हणजे समुद्राला सातबारा आहे. मी हे त्याला सांगायचा प्रयत्न केला, सातबारा म्हणजे काय, गाव नमुना सात आणि बारा, कुणाची जमीन आणि त्यात कोण काय पिकवतो, तर तो म्हणाला, हां हां, तेच, फक्त पाणी हलतं. हे त्याने अगदी सहज म्हणलं, पण पुढचे दोन दिवस मी जे जे ऐकलं ते सगळं त्या तीन शब्दांवरच येऊन थांबत होतं. माझ्या तुकड्यात मी काही ओतलं तर ते माझ्याच तुकड्यात राहत नाही.

त्याच्या लहानपणीची गोष्ट सी अर्चिनची. काटेरी गोळा असतो तो, बोलिनाओचा कमी टोचणारा, आतला पिवळा भाग जपानी लोक चांगले पैसे देऊन खातात. सत्तर-ऐंशीच्या दशकात जपानला निर्यात सुरू झाली आणि अख्खं गाव गवतात उतरलं. बोसन सांगतो शाळेतून आला की दप्तर फेकून पाण्यात, बादलीभर गोळे, आई आणि बहिणी दारात बसून फोडायच्या, चमच्याने पिवळं काढायच्या. १९९२ पर्यंत सगळं संपलं. म्हणजे एकेक दोन-दोन उरले असतील, पण ह्या प्राण्याची नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात, जवळजवळ असतील तरच ते भेटतं, विरळ झाले की उरलेल्यांचाही वंश चालत नाही. पुढे तिथल्या मरीन लॅबने पिल्लं तयार करून मच्छीमारांना पिंजऱ्यात वाढवायला दिली, अट अशी की काही विका, काही तिथेच राहू द्या, बियाण्याला. दुसरीकडे सुरुंग लावून मासे मारणं, सायनाइडच्या पिचकाऱ्या, हे सगळं तिकडे झालंय, बोसनच्या एका चुलत्याचा हात मनगटापासून गेलाय. त्याबद्दल तो जास्त बोलला नाही.

आणि मग सिमेंटचा कारखाना. नव्वदच्या दशकात परदेशी भांडवलाचा मोठा सिमेंट प्रकल्प इथे यायचा होता, चुनखडी फुकटात, बंदर समोर. नोकऱ्या मिळणार म्हणून अर्धं गाव बाजूने, पाणी जाणार म्हणून अर्धं विरोधात, घराघरात भांडणं, बोसनच्या घरात बाप एका बाजूला आणि मामा दुसऱ्या. कोकणातल्या वाचकाला ह्यातलं काहीच वेगळं सांगायला नको, आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला असं एक प्रकरण आहे आणि प्रत्येक घरात असा एक मामा. १९९६ मध्ये सरकारने पर्यावरणाची परवानगी नाकारली आणि कारखाना गेला. मला वाटलं इथे गोष्ट संपली, चांगले लोक जिंकले. पण नाही ना. कारखाना अडवला त्याच वर्षांमध्ये पिंजरे आले, आणि ते कुणी अडवले नाहीत, कारण ती तर शेती होती.

बांगुस म्हणजे मिल्कफिश, फिलिपिन्सचा राष्ट्रीय मासा म्हणलं तरी चालेल. चंदेरी, शाकाहारी, चवीला छान, आणि काटे इतके की आपला पाला त्यापुढे पोळी. बाजाराच्या मागच्या शेडमध्ये बायका ओळीने बसून चिमट्याने एकेक काटा ओढत होत्या, मासा पाठीतून उघडलेला, डावा हात मांसावरून फिरतो, थांबतो, उजवा चिमटा लावतो, काटा कापडाला पुसतो. त्यांचे डोळे माशाकडे नव्हतेच, एकमेकींशी बोलत होत्या. असा एक मासा पूर्ण साफ करायला मला वाटतं अर्धा दिवस लागेल, त्यांनी मी उभा असेपर्यंत तीन केले.

तर हा मासा आधी तळ्यांत वाढवायचे, नव्वदच्या मध्यापासून तो समुद्रात पिंजऱ्यांत आणि जाळीच्या कुंपणांत आला, बोलिनाओ आणि आंदा बेटाच्या मधल्या चिंचोळ्या खाडीत. पाणी शांत, वादळापासून आडोसा, म्हणून सगळ्यांना तिथेच जागा हवी. पैसा बाहेरच्यांचा, मनिलाचे, दागुपानचे, कुठले कुठले, आणि गावचा माणूस पिंजऱ्यावर राखणदार. बोसनचा मेव्हणा त्यातलाच. पाण्यावर बांबूची खोपटी, त्यात तो राहायचा, आठवडा-आठवडा, खाद्याच्या पोत्यांबरोबर. नगरपालिकेने १९९९ च्या ठरावात मर्यादा घातली होती, जास्तीत जास्त ५४४. प्रत्यक्षात २००२ पर्यंत ते हजाराच्या वर गेले होते. म्हणजे सातबाऱ्यावर जेवढं क्षेत्र त्याच्या दुप्पट पेरा. कसं काय, तर कसं काय नाही, सगळ्यांना माहीत असतं कसं काय.

मेव्हणा आला संध्याकाळी, बिअर घेऊन, कराओकेचं मशीन चालू व्हायच्या आत मी त्याला २००२ साली पिंजऱ्यांतले मासे मेले होते त्याचं विचारलं. तो म्हणाला, आठवडाभर पाण्याचा रंग बदलत होता, चहासारखा. जानेवारीचा शेवट, फेब्रुवारी. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीत जोर नाही, पाणी आत आलंय ते बाहेर जात नाही. (त्याने 'भांग' म्हणलं नाही अर्थात, पण हाताने दाखवलं, पाणी असं उभं.) खाली तळाला पोत्यापोत्याने टाकलेलं आणि माशांनी न खाल्लेलं खाद्य, त्यांची विष्ठा, वर्षानुवर्षांची, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. त्या खतावर एक सूक्ष्म शेवाळ माजलं, प्रोरोसेंट्रम मिनिमम असं त्याचं नाव पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं, दिवसा ते प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं. पहाटे तीन-साडेतीनला मेव्हण्याला आवाजाने जाग आली. पाऊस पडतोय वाटलं. बाहेर आला तर आभाळ कोरडं, चांदण्या, आणि सगळे मासे वर येऊन तोंड उघडून हवा गिळत होते, हजारो तोंडं, त्याचा तो आवाज, पत्र्यावर रिमझिम पडल्यासारखा. त्याने शेजारच्या खोपटीवाल्याला हाक मारली, त्याच्याकडेही तेच, त्याच्या पुढच्याकडेही. मालकाला फोन लावला, मालक म्हणाला काढ, जेवढे निघतील तेवढे काढ. उजाडेपर्यंत आवाज थांबला होता.

मग वास. पंधरा दिवस तो वास. बाजारात माशाला कुणी हात लावेना, आणि ज्यांनी कधी पिंजरा लावला नव्हता, ज्यांची फक्त एक बांका आणि एक जाळं, त्यांच्या ताज्या माशालाही कुणी विचारेना. "आमचा पगार पण बुडाला," मेव्हणा म्हणाला, मग हसला, "पण मालकाचं जास्त बुडालं." २०११ च्या मे मध्ये परत झालं, बोलिनाओ-आंदालाही आणि तिकडे ताल सरोवरातही. पिंजरे आजही आहेत. मेव्हणा तेव्हाही पिंजऱ्यावरच होता. मी विचारलं नाही की का, त्याच्या दोन मुली मनिलात नर्सिंग शिकत होत्या हे आधीच कळलं होतं.

शेवटच्या दिवशी बोसन मला ताक्लोबो दाखवायला घेऊन गेला. ताक्लोबो म्हणजे जायंट क्लॅम, भलीमोठी शिंपली, आपल्या तिसऱ्यांची खापरपणजी, मीटरभराच्या वर वाढते, वजन दोनशे किलोच्या पुढे, आणि वय म्हणाल तर शंभरीला टेकू शकतं. फिलिपिन्सच्या जुन्या चर्चमध्ये दारात पवित्र पाणी ठेवायला हिचाच शिंपला असतो, आणि गरिबाघरी त्याच शिंपल्यात डुकरं जेवतात. मांसासाठी, शिंपल्यासाठी काढून काढून तिची सगळ्यात मोठी जात देशात जवळजवळ नाहीशीच झाली होती. बोलिनाओत फिलिपिन्स विद्यापीठाच्या मरीन सायन्स इन्स्टिट्यूटची लॅब आहे, तिथे एदगार्दो गोमेझ नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि सॉलोमन बेटांकडून ह्या आणल्या, टाक्यांत वाढवल्या, आणि मग सिलाकी बेटाजवळ उथळ पाण्यात ओळीने ठेवल्या. त्या वयात यायलाच दहाएक वर्षं लागतात, आधी नर मग नर-मादी दोन्ही, म्हणजे आज ठेवलेल्याला फळ कधी तर मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा. फणस लावण्यासारखं. इथून देशभर चाळीसच्या वर ठिकाणी त्या नेऊन ठेवल्यात. गोमेझ यांना २०१४ मध्ये नॅशनल सायंटिस्ट केलं, २०१९ मध्ये ते गेले.

मास्क लावून मी पाण्यात डोकं घातलं. ओळीच ओळी. आमच्या परसात सुपारीची रोपं कशी आजोबांनी दोरी धरून लावली होती तशा. प्रत्येकीचं तोंड वर, सूर्याकडे, कारण तिच्या त्या मखमली ओठांच्या आत शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न तयार करतं, भाडं म्हणून तिला देतं. रंग काय सांगू, निळा, तपकिरी, मोरपिशी ठिपके, आणि मी वरून गेलो तशी माझी सावली पडली आणि एकेक करून त्या मिटत गेल्या. आवाज नाही काही. सावकाश, सगळी ओळ, जसजसा मी पुढे तसतशी. मागे वळून पाहिलं तर आधीच्या परत उघडल्या होत्या.

वर आलो तर बोसन बांकात बसून सिगरेट ओढत होता. म्हणाला, ह्याच्यावर पहारा ठेवावा लागतो, रात्री कुणीतरी येऊन उचलून नेतं. कोण? "कोण म्हणजे? आम्हीच."

आता तो रिटायर झालाय. जहाजाच्या पैशातून त्याने भाताचे दोन तुकडे घेतले आणि नवीन बांका, पिंजरा मात्र नाही. मेव्हणा म्हणे सारखा मागे लागलाय, दोघांत एक लावू, आता खाद्य सुधारलंय, आता नियम कडक आहेत. हा नाही म्हणतो, मग नानाय मेव्हण्याची बाजू घेते, मग हा गप्प बसतो. मेसेंजरवर दर काही दिवसांनी हे सगळं मला कळतं.

गेल्या जुलैत त्याचा फोटो आला. चिखलात गुडघाभर उभा, हातात रोपांची जुडी, मागे नारळ वाकलेले आणि त्यांच्या मागे समुद्र पांढरा फेसाळलेला. खाली लिहिलेलं, हाबागात जोरात आहे, होड्या ओढून वर घेतल्या, तुमच्याकडे पण समुद्र बंद ना? हो म्हणलं, आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै सरकारीच बंदी. मग विचारलं त्याने, लावणी झाली का?

आमच्या घरच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यात एक माझं. मी गावी चुलतभावाला फोन लावला. म्हणलं, खलाटीतली लावणी झाली का रे. तो जरा वेळ बोललाच नाही, लाइन गेली वाटलं. मग म्हणाला, "दादा, खलाटी पाच वर्षं पड आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

बोसनला मी लिहिलं, अजून नाही, ह्या वर्षी पाऊस उशिरा आहे. त्याने अंगठा पाठवला.